चीनची मुलं जपानच्या शाळेत का गेली? एका घाईचा इतिहास

नोव्हेंबर 2025 मध्ये तैवानच्या प्रश्नावरून चीन आणि जपान यांच्यात जुंपली, तेव्हा चिनी शिक्षण मंत्रालयाने एक सूचना काढली: जपानला शिकायला जाणार असाल तर नीट विचार करून जा. बातमी छोटी होती, पण तिच्या मागचा आकडा मोठा आहे. मे 2024 च्या मोजणीत जपानमध्ये 3,36,708 परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांतले 1,23,485 चीनचे. म्हणजे दर तिघांमागे एकाहून जास्त. 1937 ते 1945 या काळात जपानी लष्कराने चीनमध्ये जे अत्याचार केले ते तिथल्या शाळेत प्रत्येक मूल आजही शिकतं. तरी त्याच जपानमध्ये शिकायला एवढी मुलं जातात कशी, असा प्रश्न कुणालाही पडेल.

त्याचं उत्तर शोधायला 1895 पर्यंत मागे जावं लागतं. जपानी शिक्षणाबद्दल प्रेम वाटलं म्हणून चीन तिकडे वळला, असं काही झालेलं नाही. चीन घाईत होता, जपान जवळ होता आणि स्वस्त होता. काय उचललं गेलं, काय फसलं आणि लोक पाठ का फिरवून गेले, हे सगळं या घाईनेच ठरवलं.

## पण चीननेच तर जपानला शिकवलं होतं ना?

होय, आणि हजार वर्षांहून जास्त काळ. इ. स. 630 ते 838 या काळात जपानी दरबाराने चीनच्या थांग राजवटीकडे शिष्टमंडळं पाठवली. त्यांच्यासोबत विद्यार्थी आणि भिक्खू जात, आणि येताना लिपी, कायदे, बौद्ध ग्रंथ, एवढंच काय, राजधानीचा नकाशासुद्धा घेऊन येत. नारा शहराची आखणी चीनच्या छांगआन नगरावरून झाली. चिनी पंडिताच्या लेखी जपान हा शिष्य. शिष्याच्या शाळेत डोकवायची गुरूला काय गरज?

पहिली नोंद घेण्यासारखी नजर पडली ती 1877 मध्ये, चीनचा पहिला राजदूत टोकियोत दाखल झाला तेव्हा. त्याच्या हाताखालच्या ह्वांग झुनश्येन या अधिकाऱ्याने जपानचे कायदे, लष्कर, उद्योग आणि शिक्षण यांवर 40 भागांचा ग्रंथ लिहून 1887 मध्ये पुरा केला. वरिष्ठांनी तो बाजूला ठेवला आणि छापून लोकांच्या हाती पडेपर्यंत चीनचं जपानशी युद्ध हरून झालं होतं. हे पुस्तक आधी निघालं असतं तर युद्धाच्या खंडणीची चांदी वाचली असती, असं एक अधिकारी हळहळून म्हणाल्याचं सांगतात.

ह्वांगच्या डोळ्यांसमोर जपानात जे घडत होतं ते खरोखर दखल घेण्याजोगं होतं. 1871 मध्ये शिक्षण मंत्रालय, 1872 मध्ये पहिला शिक्षण कायदा. त्या कायद्यात देशाचे 8 विद्यापीठ-विभाग, प्रत्येकात 32 माध्यमिक विभाग आणि त्या प्रत्येकात 210 प्राथमिक शाळा असा हिशेब मांडला होता. गुणाकार केला तर 53,760 प्राथमिक शाळा होतात. कागदावर छान, प्रत्यक्षात एवढ्या शाळा काढायला पैसा नव्हता. खर्च गावाच्या माथी आणि वर महिना 50 सेनपर्यंत (म्हणजे अर्धा येन) फी. 1873 मध्ये पश्चिम जपानात शेतकऱ्यांनी लष्करभरती आणि नव्या करांविरुद्ध उठाव केले, त्यांत शाळाही जाळल्या. त्या वर्षी पटावर आलेली मुलं जेमतेम 28 टक्के होती. पुढे कायदा तीन-चारदा बदलला, आराखडा आवरता घेतला, 1900 मध्ये सक्तीच्या चार वर्षांची फी काढून टाकली. 1902 पर्यंत पटनोंदणी 90 टक्क्यांवर गेली.

म्हणजे जपानी शाळा उभी राहायला तीस वर्षं लागली, तीही चुकतमाकत. चिनी पाहुणे गेले ते या तीस वर्षांच्या शेवटी. त्यांनी पाहिली ती तयार इमारत. पाया खणताना झालेली मारामारी त्यांच्या दृष्टीस पडली नाही.

## 1895: हरल्यावर शाळेकडे लक्ष गेलं

1894–95 च्या युद्धात जपानने चीनला हरवलं. शिमोनोसेकीच्या तहात तैवान गेलं आणि 20 कोटी टेल चांदीची खंडणी बसली. टेल म्हणजे चांदीचं वजनी माप, साधारण 37 ग्रॅम.

चीनच्या जिव्हारी लागली ती एक वेगळी गोष्ट. चीनकडे तोफा आणि जहाजं नव्हती असं नाही. उत्तरेकडच्या आरमारात जर्मनीत बांधलेल्या दोन भल्याथोरल्या चिलखती युद्धनौका होत्या. जपानकडे तशी एकही नव्हती. मग फरक कशात पडला? नकाशा वाचू शकणारा शिपाई, हिशेब ठेवू शकणारा कोठारी, हुकूम एकाच भाषेत समजणारं सैन्य, आणि या सगळ्यांना घडवणारी गावची शाळा, असं उत्तर सुधारकांच्या मनात पक्कं होत गेलं. हे उत्तर अपुरं आहे. दरबारातला पैशाचा गोंधळ आणि सेनापतींची आपसातली ओढाताण यांचाही वाटा मोठा होता. पण शाळा हे कारण हाती घेऊन काहीतरी करता येत होतं, दरबार काही बदलता येत नव्हता.

1896 मध्ये 13 तरुण टोकियोला गेले. जपानचे तेव्हाचे शिक्षणमंत्री सायोंजी यांनी त्यांना कानो जिगोरो यांच्या हवाली केलं. ज्यूदोचे जनक म्हणून आपल्याला माहीत असलेले हेच ते कानो. ते शिक्षक घडवणाऱ्या सरकारी उच्च विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. काही मुलं लवकरच परतली. जेवण पचेना, आणि रस्त्यात पोरं त्यांच्या लांब शेंडीवरून चिडवत. तीन वर्षं पुरी करून बाहेर पडले ते 7.

## सरळ युरोप-अमेरिकेलाच का गेले नाहीत?

गेले होते. 1872 पासून चीनने 120 मुलगे अमेरिकेत कनेटिकट राज्यात पाठवले. योजना पंधरा वर्षांची होती. मुलं बेसबॉल खेळू लागली, चर्चमध्ये जाऊ लागली, शेंडीला कंटाळली. पीकिंगमधल्या (आजचं बीजिंग) वडीलधाऱ्यांचा जीव खालीवर झाला आणि 1881 मध्ये सगळ्यांना परत बोलावलं. बहुतेकांच्या पदव्या अर्धवट राहिल्या.

1898 मध्ये झांग झिदोंग या वजनदार प्रांताधिपतीने जपानच्या बाजूने जो युक्तिवाद केला तो पुढची दहा वर्षं प्रमाण मानला गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जपान जवळ आहे, म्हणून प्रवासखर्च कमी आणि जास्त मुलं पाठवता येतील. त्यांची लिपी आपल्याशी जुळते. चालीरीती जवळच्या आहेत. आणि पाश्चात्त्य पुस्तकांचा ढीग जपान्यांनी आधीच उपसून त्यातलं कामाचं तेवढं निवडून ठेवलं आहे.

हा शेवटचा मुद्दा स्पर्धापरीक्षा देणाऱ्या कुणालाही लगेच कळेल. अभ्यासिकेत वीस संदर्भग्रंथ घेऊन बसण्यापेक्षा गेल्या वर्षी निवड झालेल्याच्या नोट्सची झेरॉक्स काढली की काम लवकर होतं. त्यातला धोकाही तोच: नोट्समध्ये काय ठेवायचं नि काय गाळायचं हे त्याने स्वतःच्या गरजेप्रमाणे ठरवलेलं असतं. जपानने जर्मनी-फ्रान्सकडून घेताना सम्राटनिष्ठा आणि शिस्त यांना वरचं स्थान दिलं होतं, संसदीय अधिकारांना खालचं. झांगला नेमकं हेच पसंत होतं, त्यामुळे त्याला हा धोका धोका वाटलाच नाही.

लिपीच्या मुद्द्यात मात्र फसगत होती. त्या काळचं जपानी लेखन चिनी चित्राक्षरांनी खच्चून भरलेलं असे. 1898 चा सुधारणांचा प्रयत्न फसल्यावर जपानला पळून आलेल्या ल्यांग छिचाओ या पत्रकाराने तर जपानी मजकूर चिनी पद्धतीने भराभर वाचण्याची एक पुस्तिकाच काढली. जपानी वाक्यात क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं, चिनीत ते मधे असतं. तेव्हा शेवटचं उचलून आधी वाचा, मधले जोडशब्द सोडा, की अर्थ लागतो, असा त्याचा गाभा. वाचनापुरतं हे चालायचंही. परंतु वर्गात मास्तर बोलायला लागले की कानावर पडणाऱ्या जपानीतला एक शब्द कळत नसे.

## जपानला यात काय मिळणार होतं?

मदतीचा हात पुढे आला तो हिशेबाने. 1898 मध्ये पीकिंगमधले जपानी राजदूत यानो फुमिओ यांनी 200 चिनी विद्यार्थ्यांची सोय करू असं कळवलं. टोकियोला पाठवलेल्या गुप्त पत्रात त्यांनी कारण उघड लिहिलं: हे तरुण परत जाऊन अधिकारी होतील, तेव्हा जपानचं वजन आशियाच्या भूमीवर आपोआप पसरेल. रशियाची भीतीही होती. 1895 मध्ये रशिया, जर्मनी आणि फ्रान्स यांनी दमदाटी करून जिंकलेला लियाओदोंग द्वीपकल्प जपानला परत करायला लावला होता. शेजारी आपल्या बाजूचा असणं जपानला गरजेचं होतं.

कानोंसारख्या माणसांचा हेतू इतका सरळसोट नव्हता. चीन शिकला तर पूर्व आशिया टिकेल असं त्यांना मनापासून वाटे. तरी 1902 मध्ये यांग दू या विद्यार्थ्याशी त्यांचा जाहीर वाद झाला, त्यात कानोंचा सल्ला होता की सावकाश जा, राज्यकर्त्यांशी जुळवून घ्या. यांग दूने ऐकून घेतलं नाही. आणि खासगी कॉलेजांचा हेतू तर सरळ होता: फी.

## वर्गात नेमकं काय चालायचं?

कानोंनी 1902 मध्ये टोकियोत कोबुन गाकुइन ही खास चिनी विद्यार्थ्यांसाठीची संस्था काढली. 1909 मध्ये ती बंद होईपर्यंत सात हजारांच्या आसपास विद्यार्थी तिथे दाखल झाले. पुढे थोर लेखक झालेला लू शुन इथलाच. इथे दोन वाटा होत्या. एक, तीन वर्षांची: आधी जपानी भाषा, मग गणित-विज्ञान, मग जपानी उच्च विद्यालयात प्रवेश. दुसरी, झटपट वर्गांची: सहा महिने, आठ महिने किंवा वर्षभर. शिक्षक व्हायचंय, पोलीस खात्यात जायचंय, पदार्थविज्ञान शिकवायचंय, प्रत्येकासाठी वेगळा झटपट वर्ग.

झटपट वर्गात भाषा शिकवायला वेळच नसे. जपानी प्राध्यापक एक-दोन वाक्यं बोलणार, थांबणार. शेजारी उभा असलेला दुभाष्या ती चिनीत सांगणार. मुलं उतरवून घेणार. मग पुढचं वाक्य. तासाभराच्या तासात शिकवणं निम्मं. दुभाष्याला विषय येत नसेल तर उरलेल्या निम्म्यातही भेसळ. रसायनशास्त्राच्या वर्गात प्रयोग करून पाहण्याऐवजी प्रयोगाचं वर्णन लिहून घ्यायचं. सहा महिन्यांनी प्रमाणपत्र, आणि तो माणूस गावी जाऊन नव्या शाळेचा मुख्याध्यापक.

उमे केंजिरो हे जपानच्या नागरी कायद्याचे एक रचनाकार. त्यांनी 1904 मध्ये होसेइ विद्यापीठात कायद्याचा असाच वर्ग काढला, तोही दुभाष्यांच्या मदतीने. एका वर्षात कायदा उरकत नाही हे लवकरच दिसलं आणि मुदत दीड वर्षाची झाली. हा वर्ग त्यातल्या त्यात बरा, कारण शिकवणारे खरोखर जाणकार होते आणि शिकणारे बरेचसे आधीच पदवीधर पंडित होते. दुसऱ्या टोकाला शाळेच्या नावाखाली काढलेली दुकानं होती. फी भरा, थोडे दिवस या, कागद घेऊन जा. चिनी तरुण त्यांना दुकानंच म्हणत.

विद्यार्थी किती होते? 1896 मध्ये 13, आणि 1905–06 मध्ये, सावध अंदाज घेतला तरी, 8,000 च्या घरात. त्या वेळचे लोक याहून मोठे आकडे सांगत. त्यांतले बहुतेक झटपट वर्गात. विद्यापीठाच्या पदवीपर्यंत पोचलेले मूठभर.

मुलीही होत्या. शिमोदा उताको यांच्या टोकियोतल्या जिस्सेन शाळेने चिनी मुलींसाठी वेगळे वर्ग काढले. क्रांतिकारक छ्यू जिन तिथे शिकली. चीनच्या सरकारी आराखड्यात मुलींच्या शाळांना 1907 पर्यंत जागाच नव्हती, म्हणून या वर्गांचं महत्त्व. महाराष्ट्रातही जवळपास त्याच सुमारास जपानकडे याच कारणासाठी पाहिलं जात होतं. नारुसे जिन्झो यांनी 1901 मध्ये टोकियोत काढलेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या हाती आली, आणि 1916 मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ उभं राहिलं. अण्णांना मात्र प्रमाणपत्रं वाटायची घाई नव्हती.

## अधिकारी काय बघायला जायचे?

विद्यार्थ्यांच्या बरोबरीने अधिकाऱ्यांच्या वाऱ्या सुरू झाल्या. 1901 मध्ये लुओ झेनयू याने शांघायमधून फक्त शिक्षणाला वाहिलेलं नियतकालिक काढलं आणि जपानी शिक्षण कायदे भाषांतर करून त्यात छापले. त्याच वर्षी तो स्वतः शाळा बघायला गेला. 1905 मध्ये पीकिंगभोवतीच्या झिली प्रांताचा प्रमुख युआन शिकाई याने तर फर्मानच काढलं की जिल्ह्याचा कारभार हाती घेण्याआधी अधिकाऱ्याने तीन महिने जपान पाहून यावं.

यातल्या बऱ्याच वाऱ्या आपल्याकडच्या अभ्यासदौऱ्यांसारख्याच: स्वागत, चहा, पाहणी, डायरी. दोन वाऱ्या मात्र वेगळ्या. 1902 मध्ये पीकिंगच्या नव्या विद्यापीठाचा मुख्य अध्यापक म्हणून नेमलेला वू रुलुन, वय 62, कामावर रुजू होण्याआधी जपानला गेला. उन्हाळ्यापासून शरदापर्यंत सुमारे चार महिने तो शाळा आणि मंत्रालयातली व्याख्यानं यांत बसून राहिला. इसावा शुजी या शिक्षणतज्ज्ञाने त्याला बजावलं की आधी सगळ्या देशाला एक बोली शिकवा, बाकीचं मागाहून. वूने इमारतींपेक्षा हे मनावर घेतलं आणि परत कळवलं. पुढच्याच वर्षी तो वारला, नाहीतर पीकिंगच्या विद्यापीठाची सुरुवात कदाचित वेगळी झाली असती.

दुसरा झांग ज्यान, नानथोंगचा कापूसगिरणीवाला. वर आलेला झांग झिदोंग वेगळा. हा 1903 मध्ये ओसाकाचं औद्योगिक प्रदर्शन पाहायला गेला होता. शाळा दाखवणाऱ्यांना त्याने सांगितलं की मोठ्या दाखवू नका, लहान दाखवा. नवी पाठ्यपुस्तकं नकोत, जुनी द्या. राजधानीतली रीत मला सांगू नका, खेड्यापाड्यांतली सांगा. जपान गरीब असताना, धड काही जमत नसताना कसं चालवत होता, तेवढंच त्याला हवं होतं, कारण त्याचं गाव त्या टप्प्यावर होतं. इतका नेमका प्रश्न घेऊन गेलेला दुसरा पाहुणा सापडणं कठीण.

## मग चीनने नेमकं काय उचललं?

आराखडा. जानेवारी 1904 मध्ये जाहीर झालेली चीनची शालेय रचना आणि तेव्हाची जपानी रचना शेजारी ठेवा. जपानमध्ये प्राथमिक 4 वर्षं, वरिष्ठ प्राथमिक 2 ते 4, माध्यमिक 5, उच्च विद्यालय 3, विद्यापीठ 3 ते 4. चीनमध्ये प्राथमिक 5, वरिष्ठ प्राथमिक 4, माध्यमिक 5, उच्च विद्यालय 3, विद्यापीठ 3 ते 4. शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयांची वेगळी फांदी आणि उद्योगशाळांची वेगळी, हेही जपानचंच.

फरक दिसतो तो वेळापत्रकात. जपानी प्राथमिक शाळेत नीतिपाठाला आठवड्याचे 2 तास होते. चिनी प्राथमिक शाळेच्या 30 तासांपैकी 12 तास कन्फ्यूशियसी ग्रंथांच्या वाचन-पाठांतराला दिले. सांगाडा जपानी, आतला मजकूर जुना. उद्दिष्टंही तशीच: 1906 मध्ये नव्या शिक्षण मंत्रालयाने सांगितलेल्या पाचांत पहिली दोन सम्राटनिष्ठा आणि कन्फ्यूशियसभक्ती. जपानी सम्राटाच्या 1890 च्या शिक्षणविषयक आज्ञापत्राची छाप त्यावर स्पष्ट आहे. एक अडचण मात्र कुणी बोलून दाखवली नाही. जपानी सम्राटाला लोक मानत होते. चीनचा सम्राट मांचू या बाहेरून आलेल्या वंशाचा होता, आणि बहुसंख्य असलेल्या हान वंशाच्या तरुणांच्या मनातून तो उतरला होता.

पाठ्यपुस्तकांची गोष्ट रंजक आहे. 1902 च्या अखेरीस जपानमध्ये पाठ्यपुस्तक लाच प्रकरण फुटलं. आपलं पुस्तक मंजूर व्हावं म्हणून प्रकाशक अधिकाऱ्यांना पैसे चारत होते. शंभराहून अधिक लोक अडकले. सरकारने प्राथमिक पाठ्यपुस्तकं स्वतःच छापायचं ठरवलं आणि खासगी प्रकाशकांचा धंदा बसला. त्यांतल्या किनकोदो या कंपनीने 1903 मध्ये शांघायच्या कमर्शियल प्रेसशी भागीदारी केली. जपानी संपादकांचा अनुभव आणि चिनी संपादकांची लेखणी यांतून 1904 मध्ये जी वाचनमाला निघाली ती चीनभर खपली. त्याआधी पोर पहिल्या दिवसापासून अर्थ न कळणारा ग्रंथ घोकत असे. या पुस्तकाच्या पहिल्या धड्यात आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र अशी मोजक्या रेघांची सोपी अक्षरं होती, सोबत चित्रं. सगळ्या देवाणघेवाणीत लहान मुलाच्या रोजच्या जगण्यात सर्वांत मोठा फरक या पुस्तकाने पाडला असावा.

## आराखडा आला, मग फसलं कुठे?

शिक्षकांपाशी. सप्टेंबर 1905 मध्ये राजपरीक्षा रद्द झाली. राजपरीक्षा म्हणजे जुन्या ग्रंथांवर लेखी परीक्षा घेऊन सरकारी अधिकारी निवडायची तेराशे वर्षांची पद्धत. ती गेली, तशी एका फटक्यात लाखो कुटुंबांना नव्या शाळेचं प्रमाणपत्र हवं झालं. शाळांच्या पाट्या लागल्या, शिकवणार कोण? तीच तात्पुरती गरज झटपट वर्गांनी भागवली, आणि त्याचे परिणाम पुढे वर्षानुवर्षं दिसत राहिले. जपानी शिक्षक आणि सल्लागारही बोलावले. ऐन भरात त्यांची संख्या पाचशेच्या आसपास होती. हात्तोरी उनोकिची यांनी पीकिंगच्या विद्यापीठात शिक्षक-प्रशिक्षणाचा विभाग उभा केला. पण 40 कोटींच्या देशाला पाचशे जण कुठे पुरणार, आणि त्यांच्याही शेजारी पुन्हा दुभाष्या उभा!

पैशाचं घोडंही तिथेच अडलं. झांग झिदोंगने सुचवलं होतं की जिल्ह्यातल्या दहातल्या सात देवळा-मठांच्या शाळा करा. वर गावावर शाळेसाठी नवा कर. 1904 मध्ये वूशी इथे जमावाने नव्या शाळांची मोडतोड केली आणि पुढची काही वर्षं ठिकठिकाणी असे दंगे झाले. 1873 मध्ये जपानी शेतकरी ज्या रागाने पेटले त्यात आणि यात फारसा फरक नव्हता. जपानने त्या दंग्यांनंतर कायदा वाकवला, हे पाहुण्यांच्या डायऱ्यांत क्वचितच आलं.

1906 मध्ये चिनी शिक्षण मंत्रालयाने झटपट वर्गांसाठी मुलं पाठवणं थांबवलं. त्या जागी पाच सरकारी जपानी संस्थांशी पंधरा वर्षांचा करार झाला, 1908 पासून: टोकियोचं पहिलं उच्च विद्यालय 65 जागा, तांत्रिक विद्यालय 40, शिक्षक विद्यालय 25, यामागुचीचं व्यापारी विद्यालय 25, चिबाचं वैद्यकीय 10. एकूण वर्षाला 165. आठ हजारांवरून सरकारचं लक्ष 165 वर आलं. यातून निघालेले इंजिनियर, डॉक्टर आणि प्राध्यापक मात्र खऱ्या अर्थाने शिकलेले होते.

## राजनिष्ठा शिकायला गेले, मग क्रांतिकारक कसे झाले?

एका शहरात हजारो तरुण, प्रांताप्रांतांची मंडळं, हवं ते छापायची बऱ्यापैकी मुभा, आणि मायदेशाची दुर्दशा रोज वर्तमानपत्रात. वेगळं काय होणार होतं? ऑगस्ट 1905 मध्ये सुन यत्-सेन यांची क्रांतिकारी संघटना टोकियोतच स्थापन झाली.

नोव्हेंबर 1905 मध्ये जपानी शिक्षण मंत्रालयाने चिनी विद्यार्थी घेणाऱ्या शाळांसाठी 15 कलमी नियम काढले. दुकानदारीला आळा घालणं हा त्यांचा एक उद्देश होताच, पण विद्यार्थ्यांनी शाळेच्या देखरेखीखालच्या वसतिगृहातच राहावं आणि गैरवर्तनावरून एका शाळेने काढलेल्याला दुसरीने घेऊ नये, अशीही कलमं होती. क्रांतिकारकांना वेचून काढायचा हा डाव आहे, असं म्हणत विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. एका जपानी दैनिकाने त्यांना स्वैर आणि हलक्या वृत्तीचे म्हटलं. दुसऱ्या दिवशी, 8 डिसेंबरला, चेन त्येनह्वा या तरुणाने ओमोरीच्या समुद्रात जीव दिला. मागे ठेवलेल्या पत्रात त्याने देशबांधवांना हे शब्द खोटे ठरवा असं बजावलं होतं. सुमारे 2,000 विद्यार्थी तडकाफडकी परतले, आणि त्यांच्यातल्या काहींनी 1906 मध्ये शांघायला स्वतःची संस्था काढली. 1911–12 मध्ये राजवट कोसळली, तेव्हा तिला पाडणाऱ्यांत टोकियोत शिकलेल्यांची, विशेषतः जपानी लष्करी शाळांतून आलेल्या अधिकाऱ्यांची संख्या लक्षणीय होती.

## ओढ ओसरली कधी आणि का?

1915 मध्ये जपानने चीनवर आपलं वर्चस्व लादणाऱ्या एकवीस मागण्या ठेवल्या आणि मनं विटली. दुसरीकडे 1900 च्या बॉक्सर बंडानंतर परकीय सत्तांनी चीनवर नवी खंडणी बसवली होती; अमेरिकेने 1908 मध्ये तिच्यातल्या आपल्या वाट्याचा काही भाग शिष्यवृत्त्यांकडे वळवला. त्यातून पीकिंगची छिंगह्वा संस्था 1911 मध्ये निघाली. एप्रिल 1919 च्या शेवटी अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई चीनमध्ये आले आणि दोन वर्षं राहिले. 1922 मध्ये चीनने 6-3-3 वर्षांची अमेरिकी धर्तीची रचना स्वीकारली. जपाननेही 1923 मध्ये याच खंडणीच्या पैशातून शिष्यवृत्त्या सुरू केल्या, पण पैशाची चावी जपानी परराष्ट्र खात्याकडेच राहिल्याने चिनी शिक्षकांचा विश्वास बसला नाही.

गंमत म्हणजे 1935–36 मध्ये, मांचुरिया जपानच्या घशात गेलेला असताना, विद्यार्थ्यांची संख्या पुन्हा पाच-सहा हजारांवर गेली. कारण भावनिक नव्हतं: अमेरिकेच्या खरेदीमुळे चांदीचा भाव चढला होता, चीनचं चलन नोव्हेंबर 1935 पर्यंत चांदीचं, त्यामुळे येन स्वस्त झाला. जुलै 1937 मध्ये युद्ध पेटलं आणि बहुतेक जण परतले.

## पुन्हा सुरुवात कशी झाली?

1972 मध्ये राजनैतिक संबंध जुळले आणि ऑक्टोबर 1978 मध्ये चीनचे नेते तंग श्याओफिंग (डेंग झियाओपिंग) जपानला जाऊन आले. या वेळी 1905 ची चूक टाळली: आधी भाषा. 1979 मध्ये छांगछुन इथे जपानला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पूर्वतयारी शाळा निघाली. बारावीनंतरची निवडक मुलं तिथे वर्षभर जपानी शिकून मग जात. 1980 पासून पाच वर्षं पीकिंगमध्ये जपानी शिकवणाऱ्या चिनी शिक्षकांचं प्रशिक्षण झालं, सुमारे 600 जणांचं.

घाई मात्र दुसऱ्या दाराने परत आली. 1983 मध्ये पंतप्रधान नाकासोने यांनी एक लाख परदेशी विद्यार्थ्यांचं लक्ष्य ठेवलं आणि जपानमध्ये खासगी भाषाशाळांचं पेव फुटलं. शांघायमधल्या हजारो तरुणांनी अशा शाळांना आगाऊ पैसे भरले, व्हिसा मिळेना, आणि नोव्हेंबर 1988 मध्ये त्यांनी जपानी वकिलातीला वेढा घातला. त्यानंतर नियम आवळले गेले. एक लाखाचं लक्ष्य 2003 मध्ये गाठलं, तीन लाखांचं 2019 मध्ये.

## आजचे विद्यार्थी काय बघून जातात?

देश उभारायचा वगैरे विषय आता नाही. 2024 मध्ये चीनच्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेला 1 कोटी 34 लाख मुलांनी नाव नोंदवलं. नामांकित विद्यापीठांतल्या जागा मात्र मोजक्याच. जपानमध्ये सरकारी विद्यापीठाची नेहमीची फी वर्षाला 5,35,800 येन. टोकियो विद्यापीठाने 2025 पासून नव्या मुलांसाठी ती 6,42,960 केली, तरी अमेरिकेच्या मानाने ती किरकोळ. चीनच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीऐवजी जपानी घेता येते. इंग्रजीत कच्ची असलेली बरीच मुलं ती घेतात आणि मग तिकडचीच वाट धरतात.

पदवी प्रवेशासाठी परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी परीक्षा आहे, जून आणि नोव्हेंबरमध्ये. जपानी भाषा, गणित, आणि शाखेप्रमाणे विज्ञान किंवा जपान-जग हा सामाजिक विषय. नामवंत विद्यापीठं त्यावर स्वतःची लेखी परीक्षा आणि मुलाखत घेतात. मुलं अडखळतात ती बहुधा इथे, कारण गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यालाही मुलाखतीत जपानीतून स्वतःचं म्हणणं मांडावं लागतं. टोकियोच्या ताकादानोबाबा भागात चिनी मालकांचे, चिनीतून शिकवणारे कोचिंग क्लास आहेत, आणि मुलाखतीची तयारी हा त्यांच्या धंद्याचा मोठा भाग. नोव्हेंबर 2025 च्या सरकारी सूचनेने जाण्यावर बंदी घातलेली नाही. जाणाऱ्याने सुरक्षिततेचा धोका जोखावा, एवढंच तिच्यात म्हटलं आहे. एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या वर्षाची फी भरायची की नाही, हे आता घरोघरी ठरतं.